ओवीभर दम

आवाज आधी आला, माणूस मागून दिसला.

मालन तेव्हा माहेरी होती, माळशेज घाटाच्या वरल्या अंगाला. जत्रेचा दिवस होता. घर पाहुण्यांनी भरलेलं, म्हणून भर दुपारीही जातं फिरत होतं. मागच्या भिंतीपलीकडे ओढ्याच्या वाळूत हुतूतूचा डाव रंगला होता, आणि त्या गलक्यातून एक सूर निघाला. तिला आधी वाटलं, भिंतीच्या भोकात भुंगा शिरलाय. मग कळलं की भुंगा नव्हे, कुणाचा तरी दम आहे. हुतूतूतूतू… तिनं नुकतीच ओवी धरली होती.

डोंगराच्या पलीकडं । वाट जाई वळणाची
भाऊ माझा ग लहान । सय त्याला आंगणाची

ओवी संपली. खुंटा हातातच थांबला. भिंतीपलीकडचा दम मात्र तसाच चालू होता, न तुटता, न हलता, तेलाच्या धारेसारखा.

"आई गं, माणूस आहे का भाता?" ती म्हणाली.

"पिठाकडे बघ," आई म्हणाली.

पुढच्या उन्हाळ्यात त्या दमाच्या धन्याशीच तिचं लग्न लागलं. सहदेव कल्याणच्या लोको शेडमध्ये कामाला होता, मामाच्या गावी जत्रेला आलेला. घाट उतरून ती डोंबिवलीला आली. वर्षभरात आईबाप पाठोपाठ गेले, तेव्हा धाकटा भाऊ उत्तमही तिच्या पदराला धरून घाट उतरला.

आता उत्तमला मिसरूड फुटलं होतं, आणि त्याच्यावरून अख्ख्या आळीत वाद पेटला होता.

वादाची जागा म्हणजे मधु शिंप्याच्या दुकानाची फळी. दुकान चाळीच्या टोकाला आणि त्याला लागून मालनची खोली. मधुच्या सदऱ्यांची काजं तीच करायची, उंबऱ्यात बसून. त्यामुळे दुकानातला शब्द न् शब्द तिच्या मांडीवर येऊन पडायचा.

"मी सांगतो, उत्तमला वर घ्या," मधु कापडावर खडूची रेघ ओढत म्हणाला. "हलक्या गटात त्याला धरणारा उरला नाय. परवा शहाडच्या पोरांनी तर हात जोडले. म्हणे, ह्याला न्या बाबा वर, आम्हालापण जरा खेळू द्या!"

"आणि वर नेऊन काय करायचं?" त्र्यंबकरावांनी विचारलं. ते आळीच्या हुतूतू मंडळाचे अध्यक्ष. पोस्टातून निवृत्त झालेले, पण बोलणं अजून शिक्का मारल्यासारखं. "कल्याणचे ते दोघे पकड करणारे पाहिलेत ना? एकेकाची मांडी म्हणजे उखळ आहे. हा मुलगा त्यांच्या हाती लागला, तर घडी घालून परत आणावा लागेल."

"घडी घालायचं काम माझंच आहे, तात्या."

"थट्टा नको. रविवारी अंतिम सामना आहे."

मानपाड्याचा दौलत गवताची गाडी उभी करून बैलांसकट थांबला होता. तो आगरी शेतकरी, खेळ कुठलाही असो, गाडी थांबायचीच. "माजा हा बैल बी पयल्या दिशी मान लावत नव्हता," तो म्हणाला. "जुवाखाली घातलाच नाय तर शिकंल कवा?"

"बैल बाद होत नाही, दौलत."

"पन बसतो की खाली, तात्या! भर रस्त्यात बसतो."

सगळे हसले. मालनही हसली, पण सुई तशीच हातात राहिली.

"कायदा लक्षात घ्या," त्र्यंबकराव म्हणाले. "हलक्या गटातला खेळाडू एकदा मोठ्या संघातून उतरला, की त्या मोसमात त्याला खाली परतता येत नाही. म्हणजे हलक्या गटाची ढाल आपण आपल्या हातानं घालवायची. आणि वर गेलेला मुलगा पहिल्याच चढाईत आपटला, तर तो धड इकडचा नाही, धड तिकडचा नाही. वर्षभर हद्दीबाहेर बसून राहील."

"ते सोडा. त्याला घ्यायचा कोणाच्या जागी?" मागून कुणीतरी विचारलं.

कात्रीचा आवाज थांबला. उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. चढाईला जाणाऱ्यांत वयानं उताराला लागलेला एकच माणूस होता, आणि त्याचं नाव तोंडानं घ्यायला कुणी तयार नव्हतं.

"सहदेवला बसवायचं?" मधुच शेवटी हळू आवाजात म्हणाला. "नाय बा. मी पोराच्या बाजूचा खरा, पण सहदेवभाऊ रेघ ओलांडतो ना, तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो. पोरगं ओलांडतं तेव्हा काय येतं? कोण शिट्टीपण मारत नाय."

मग त्यानं मान बाहेर काढून उंबऱ्याकडे पाहिलं. "वहिनी, तुम्हीच सांगा ना. एका हाताला नवरा, एका हाताला भाऊ. निवाडा घरच्या घरी होईल!"

"मला काय कळतंय तुमच्या खेळातलं," मालन म्हणाली, आणि दोरा दातानं तोडला.

कळत होतं. तिला एकटीलाच कळत होतं, म्हणून तर दिवाळीपासून तिचं मन एका जागी ठरत नव्हतं. भाकरी तव्यावर करपायची, नळावर गेली की कळशी भरून वाहायची. धागा सुईत ओवायचा आणि काज कुठलं करायचं तेच विसरायचं.

हुतूतूत एक कायदा सगळ्यांच्या वरचा. परक्या हद्दीत शिरलं की श्वास घ्यायचा नाही, आणि तो घेतला नाही हे पंचाला सतत ऐकू येत राहिलं पाहिजे. दम तुटला की माणूस बाद, मग त्यानं चौघांना शिवलेलं असो.

पण सहदेवच्या दमाला डोंबिवलीकरांनी एक सवय लावली होती. बऱ्याच वर्षांपूर्वी ठाण्याला एका सामन्यात तो एकटा उरला, तेव्हा आपल्या माणसांना राहवेना म्हणून ती त्याच्याबरोबर घुमू लागली. हुतूतूतू… सगळं मैदान एका घशानं. त्या दिवशी सामना जिंकला, आणि तेव्हापासून ती रीतच पडली. सहदेवनं रेघ ओलांडली की इकडे बसलेले सगळे त्याचा दम उचलायचे, कीर्तनात बुवांची ओळ टाळकरी उचलतात तसा. 'साथ' म्हणायचे त्याला. परगावचे पंच कुरकुरायचे, पण प्रेक्षकांनी तोंड मिटावं असं कुठल्या कायद्यात लिहिलंय?

मालन बायकांत बसायची. ती घुमायची नाही. ती मनात ओवी म्हणायची, तीच, जात्यावरची. लग्नानंतर ह्या दोघांचा तो खेळच झाला होता. नवी नवरी ओवी म्हणणार आणि नवरा तिच्याखाली दम धरणार. ओवी संपली तरी दम उरायचा, आणि ती हार मानून हसायची. मग मैदानावरही तिनं तेच माप धरलं. इतकी वर्षं ते माप भरून सांडत आलं होतं.

दिवाळीनंतरच्या पहिल्या सामन्यात ती तिसऱ्या चरणावर होती, भाऊ माझा ग लहान, आणि तिला सहदेवची पाठ दिसली. बरगड्या वर आल्या. एकदाच, पाण्यातून मासा वळावा तशा. त्यानं श्वास घेतला होता. साथ चालूच होती, शंभर घशांची, अखंड. पंचाचे कान त्या घुमण्यानं भरलेले. सहदेव दोघांना शिवून रेघेवर परत आला आणि लोकांनी टोप्या उडवल्या.

तिला वाटलं, आपलीच ओवी लांबली असेल. पुढच्या सामन्यात तिनं भरभर म्हटली. बरगड्या तिसऱ्याच चरणाला वर आल्या.

शेडमधला कोळशाचा धूर म्हणा, पावसाळ्यात महिनाभर धरलेला खोकला म्हणा. कारण काहीही असो, ज्या दमानं ती घाट उतरून आली होती, तो आता ओवीलाही पुरत नव्हता. आणि ज्यांचा जीव त्याच्यावर होता, त्यांच्याच मायेच्या आवाजाखाली ते झाकलं जात होतं. कल्याणच्या पंचानं कधी कान नेमका लावला तर? भर मैदानात, परक्यांच्या तोंडून, 'दम चोरला' असं नाव पडलं तर?

सांगावं तर कुणाला? नवऱ्याला सांगावं, तर त्याच्या जागेवर बसणार कोण? तिचा पाठचा भाऊ. नळावरच्या कमळाबाईनं परवाच टोमणा मारला होता, "मालन, तुझं बरं आहे. जागा नवऱ्याची राहिली काय नि भावाला गेली काय, घरातल्या घरातच." उद्या लोक म्हणणार, भावासाठी नवऱ्याला खाली ओढलं. लोकांचं सोडा. तोच म्हणाला तर?

दुकानात पुन्हा आवाज चढले होते. तेवढ्यात एकदम शांत झाले. सहदेव कामावरून येत होता, डब्याची पिशवी खांद्याला, मानेवर काजळी.

"काय रे, माझं तेराव्याचं ठरवताय का?" त्यानं विचारलं.

"छे छे," त्र्यंबकराव गडबडीनं म्हणाले. "ते आपलं… उत्तमविषयी. मुलांचं म्हणणं पडलं की त्याला संधी द्यावी. तुझं मत काय?"

सहदेवनं पिशवी ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "मंडळ तुमचं. तुम्ही ठरवा."

"तसं नाही, सहदेव. तू त्याचा गुरू."

"मग दोघांना उतरवा नि बघा. शुक्रवारी मी लवकर सुटतो."

तो घरात आला, पाणी प्यायला, आणि खाटेवर पाय सोडून बसला. मालननं चहा ठेवला. तिच्या ओठांवर वाक्य आलं होतं. तेवढ्यात उत्तम दारात उभा राहिला, वखारीतल्या लाकडाचा भुसा अजून केसांत.

"दाजी, मी सांगून टाकतो त्यांना. मला नाय यायचं वर. हलक्या गटातच बरा आहे मी."

"का? भ्यायलास?"

"भ्यायलो नाय."

"मग खोटं कशाला बोलतोस?" सहदेव हसला. हसता हसता खोकला आला. तो थांबेपर्यंत दोघंही त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग दोघांनीही दुसरीकडे पाहिलं.

शुक्रवारी कोपर गावाच्या बाजूला, भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरात चुन्याची रेघ मारली. मोठ्या संघातले खेळाडू समोर उभे राहिले. बांधावर सगळी आळी. मालनही गेली, शिवणाचं गाठोडं कुशीत घेऊन, जसं काही वाटेत काजंच करणार होती.

आधी सहदेव. त्यानं मातीला हात लावून कपाळाला लावला आणि रेघ ओलांडली. बांध घुमला. हुतूतूतू… म्हातारे, पोरं, दौलत, मधु, डोळे मिटून त्र्यंबकरावसुद्धा. मालननं ओवी म्हणायची नाही असं ठरवलं होतं. पण ओवी आपोआप सुरू झाली. तिसरा चरण आला, आणि बरगड्या वर आल्या. सहदेवनं कोपऱ्यातल्या गड्याला पायानं शिवलं आणि परतला. टाळ्या.

मग उत्तम. तो रेघेपलीकडे गेला आणि बांधावर कुणी घुमलं नाही. कुणाला सुचलंच नाही. सवय नव्हती. खाचरात फक्त त्याचा एकट्याचा दम राहिला, बारीक, सरळ, आणि त्यामागे कुठेतरी दौलतच्या बैलाची घंटा. मालनची ओवी संपली. तिनं पुन्हा पहिली ओळ धरली. दम चालूच. तिच्या अंगावर सरसरून आलं. डोळ्यांपुढे भिंत होती, जातं होतं, भोकातला भुंगा होता.

उत्तमनं एकाला शिवलं, दुसऱ्यालाही शिवलं. वळताना मात्र मधल्या दांडग्यानं त्याची कंबर धरली आणि उचलून आपटला. धुरळा उडाला. त्या धुरळ्यातूनही दम येत राहिला, आणि मग पंचानं बादचा हात केला.

"बघा, झालं ना?" त्र्यंबकराव म्हणाले. "अजून वजन हवं. पुढच्या वर्षी बघू."

"दोघांना शिवलंन पन, तात्या," दौलत म्हणाला.

"पण परत आला नाही."

"रेघंला बोटभर कमी पडला," मधु पुटपुटला. "पण काय आहे, मजा नाय आली. सहदेवभाऊ तो सहदेवभाऊ."

ठरलं. उत्तमनं पाठीवरची माती झटकली, सहदेवच्या पाया पडला आणि शेताच्या वाटेनं निघून गेला. सगळे आनंदात घरी परतले. फक्त मालन बांधावरून सगळ्यांत शेवटी उठली.

शनिवारी संध्याकाळी मधुनं सहदेवचं मंडळाचं बनियन तिच्याकडे टाकलं. "वहिनी, बगलेत उसवलंय. उद्याच्याला पक्कं करून द्या. कल्याणवाले तिथंच धरतात."

दिवा लावून ती बसली. सहदेव भिंतीला टेकून गुडघ्याला तेल चोळत होता. शेजारी फळीवरून बोलण्याचा गजबजाट येत होता, सकाळच्या गाडीचा, डब्यांचा, कोण कुठे भेटणार त्याचा. मालननं टाका घातला. उसवला. पुन्हा घातला. टाका सरळ येईना.

आणि मग ती गाऊ लागली. मोठ्यानं नाही. कितीतरी वर्षांत घरात तिचा सूर लागला नव्हता. डोंबिवलीत गिरणी होती, जातं नव्हतं, आणि जातं नसलं की ओवी कशाला टेकवायची?

डोंगराच्या पलीकडं…

सहदेवचा हात गुडघ्यावर थांबला. त्यानं तिच्याकडे पाहिलं. ती सुईकडेच बघत होती. तोंडाच्या कोपऱ्यात हसू आणत त्यानं छाती भरली, आणि जुन्या खेळातल्यासारखा तिच्या सुराखाली दम धरला. हुतूतूतू…

…वाट जाई वळणाची

खोलीत दोनच आवाज होते. बांध नव्हता, टोप्या नव्हत्या, शंभर घसे नव्हते.

भाऊ माझा ग लहान…

दम तुटला. कापड फाटावं तसा ऐकू आला. सहदेवनं घाईनं श्वास ओढला आणि पुन्हा सूर धरू पाहिला, पण तो धरला गेला नाही. मालननं ओवी सोडली नाही. चौथा चरण तिनं एकटीनं पुरा केला, अगदी हळू, झोपल्या लेकरावर पांघरूण घालावं तसा.

दिव्याची वात तडतडली.

"कधीपासून ठाऊक आहे तुला?" सहदेवनं विचारलं.

"दिवाळीपासून. प्रत्येक खेळाला तिसऱ्या चरणावर तुटतो."

"बोलली नाहीस."

"कशी बोलू? जागेवर बसणारा माझा भाऊ आहे." तिनं सुई कापडात खोचली. "तुम्ही म्हणाला असता, बहीण बोलतीय. बायको नाही."

सहदेवनं तेलाची वाटी बाजूला सरकवली. "आणि उत्तम? त्याला ठाऊक आहे?"

"त्याला तुम्हीच शिकवलंय ऐकायला."

तो ह्यावर हसला, किंवा हसल्यासारखं काहीतरी केलं. मग म्हणाला, "मला वाटायचं, एक मोसम निघेल. हे उचलतात, मी आपला त्यांच्या आवाजावर तरंगतो. पुरात पडलेल्या ओंडक्यासारखा." तो थांबला. "काल उत्तमचा ऐकलास?"

"ऐकला."

"किती?"

"माझी ओवी संपली. दुसरी लागली होती."

सहदेवनं डोळे मिटले. तो काय आठवत होता, कोणती वाळू, कोणती जत्रा, ते तिला विचारावंसं वाटलं नाही. मग त्यानं हात पुढे केला. "आण ते बनियन."

"अजून शिवायचं आहे."

"दे तसंच. त्याच्या अंगाला ते ढगळच होणार. मधुला दोन्ही बाजूंनी आत घ्यावं लागेल."

तो उठला. मालन त्याच्या मागोमाग उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथेच थांबली. फळीवर कंदील होता, आणि त्याच्याभोवती तीच सगळी माणसं. उत्तम जरा बाजूला, चाकाला टेकून उभा होता, दौलतच्या गाडीपाशी.

"या, या, सहदेवभाऊ!" मधु ओरडला. "उद्या असा घुमवतो ना तुम्हाला, कल्याण स्टेशनात ऐकू गेलं पाहिजे!"

सहदेवनं बनियन फळीवर ठेवलं. दोन्ही हातांनी त्याची घडी सारखी केली.

"मधु, हे उत्तमच्या मापाचं कर."

"म्हणजे?"

"सहदेव, काल सगळ्यांसमोर ठरलं आहे," त्र्यंबकराव म्हणाले. "आता हा मोठेपणा कशाला?"

"मोठेपणा नाय, तात्या." त्यानं एकदा मागे वळून उंबऱ्याकडे पाहिलं, आणि मग कंदिलाच्या उजेडात, सगळ्यांना ऐकू जाईल असं सावकाश बोलला. "दिवाळीपासून माझा दम तुटतोय. मी मधेच श्वास घेतो. तुम्ही सगळे माझ्याबरोबर घुमता, म्हणून पंचाला ऐकू येत नाय, नि तुम्हालाही ऐकू येत नाय. काल खाचरातही घेतला. उद्या उत्तम उतरेल. आणि तो रेघ ओलांडेल ना, तेव्हा कुणी साथ देऊ नका. गप्प बसून ऐका. त्याचा त्याला पुरतो."